वायुकायाची यतना आणि वेंगुर्ल्याचा कचरा

जैन दर्शनाने सांगितलेल्या सहा जीवकायांमध्ये वायुकाय आणि अग्निकाय यांचाही समावेश आहे. त्यामुळे आहारात जपली जाणारी अहिंसा दुकानाच्या पायरीवरही जपावी लागते. सकाळी दुकान झाडून खोकी, पिशव्या व पालापाचोळा पेटवून देण्याची सवय अनेक बाजारपेठांत आढळते. प्लॅस्टिकच्या त्या विषारी धुराचा त्रास प्रथम शेजारच्या बालकांना व वृद्धांना होतो.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर, मालवणच्या दक्षिणेस असलेल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने यावर मार्ग दाखवला. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत तेथे घरोघरी व दुकानोदुकानी कचरा वेगवेगळा करूनच घेतला जाऊ लागला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार झाला, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्यांच्या कामी आला, आणि एकेकाळचा कचरा डेपो लोकांनी पाहायला यावे असे स्थळ बनला. यंत्रे नगरपरिषदेने आणली. वर्गीकरण मात्र नागरिकांच्या हातून झाले. एकदा मिसळलेला कचरा वेगळा करणे कठीण, आणि अखेर तो कोठेतरी जळतोच.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली.

व्यापारी कुटुंबांनी खोकी दुमडून भंगारवाल्यासाठी ठेवावीत, प्लॅस्टिक कोरडे व वेगळे द्यावे आणि शेजारच्या दुकानदारालाही या कामात सोबत घ्यावे. वायुकायाची यतना अशीच रोजच्या व्यवहारात घडते.