चेहरा धुवा, घासू नका

वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन आटोपलं की बायका माझ्याभोवती बसतात. कुणाची साखर, कुणाचं बी.पी., कुणाच्या सुनेचे दिवस. मध्ये एका रविवारी एक ताई आपल्या मुलीला पुढे ढकलत म्हणाल्या, "सिस्टर, हिच्या तोंडाकडे बघा जरा. दिवसातनं पाच वेळा धुते, तरी पुटकुळ्या जाईनात."

मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, मुरबाडहून एस.टी.नं कल्याणला कॉलेजला जाणारी. गाल लालभडक, कातडी ताणलेली आणि चकाकणारी, हनुवटीवर बारीक काळी लव. मी विचारलं, "कशानं धुतेस गं?" म्हणाली, "आधी फेसवॉश, मग स्क्रब, मग आंघोळीच्या जाळीनं घासते." "आणि रात्री?" ती आईकडे बघून गप्प बसली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "क्रीम लावते. पार्लरमधून आणलंय. डबीवर नाव नाही."

तिच्या चेहऱ्याची दोन दुखणी होती. एक घासण्याचं, दुसरं त्या डबीचं. दुसरं जास्त भयंकर आहे. पण घासण्याचं आपल्या घराघरांत आहे, म्हणून आधी ते.

आपल्याकडे वीटभट्टीवर काम केलेली माणसं पुष्कळ. त्यांना हे लगेच कळेल. कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये तेलकट पदार्थांचं लिंपण. हे लिंपण आतलं पाणी आत धरतं आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवतं. आपण खसाखसा घासतो तेव्हा मळ निघतोच, पण लिंपणही निघतं. मग चेहरा कोरडा पडतो, चुरचुरतो, साधं पाणी लागलं तरी आग होते. आपल्याला वाटतं अजून मळ आहे, आणि आपण पुन्हा घासतो.

निरोगी कातडी थोडी आंबट असते. तिचा पी.एच. पाचच्या आसपास. आंघोळीच्या साध्या साबणाचा पी.एच. नऊ-दहा, म्हणजे खारट-सोड्याच्या बाजूचा. तेलकट, धडधाकट चेहरा तो सोसतो. पण ज्यांचा चेहरा कोरडा आहे, ज्यांना खाज आहे, त्यांना रोज दोन-तीनदा साबण सोसत नाही. कपड्याचा साबण तर चेहऱ्याला कधीच लावू नये. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वस्तीत फिरताना मोरीत एकच वडी दिसते. तीच कपड्यांना, तीच पोरांच्या तोंडाला.

साबण घेताना वेष्टनावर टी.एफ.एम. लिहिलेलं असतं. म्हणजे साबणातल्या स्निग्ध पदार्थाचं प्रमाण. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या प्रतीचा टॉयलेट साबण, ७० ला दुसरी प्रत, ६० ला तिसरी. 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर हे प्रमाण याहून कमी चालतं. दुकानदार सांगतात, टी.एफ.एम. जास्त म्हणजे साबण सौम्य. तसं सरळ गणित नाही. पहिल्या प्रतीचा साबणही साबणच आहे, त्याचा पी.एच. तोच. एवढंच की त्यात भरताड कमी आणि वडी लवकर विरघळत नाही. चेहरा फार कोरडा असेल तर डॉक्टर 'सिंडेट' नावाची वडी सांगतात. ती साबणासारखी दिसते, पण साबण नसते, आणि महाग असते. परवडत नसेल तर सकाळी नुसत्या पाण्यानं तोंड धुवा आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर एकदाच साबण लावा. बहुतेकांना एवढं पुरतं. चारशे रुपयांच्या फेसवॉशची जाहिरात बघून जीव खालीवर करायचं कारण नाही.

आता पुटकुळ्या. त्या मळानं येत नाहीत. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल करतात, केसाच्या मुळाशी तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. नाकावर काळे ठिपके दिसतात तोही मळ नव्हे. आतलं तेल आणि पेशी हवेला उघडे पडले की वरून काळे होतात. म्हणून पाच वेळा धुऊन पुटकुळी जात नाही, उलट चिडते. अक्रोडाच्या किंवा जर्दाळूच्या टरफलाची भुकटी घातलेलं स्क्रब सुजलेल्या पुटकुळीवर चोळणं म्हणजे फोडावर वाळूचा कागद फिरवणं. आईनं मुलीला "तोंड नीट धूत नाहीस म्हणून येतात" असं बोलू नये. तिची काही चूक नसते.

कशानं घासावं, हा प्रश्न बायका फार विचारतात. प्लॅस्टिकची जाळी, घोसाळ्याची वाळलेली घासणी, आणि आता मोबाइलवर मागवलेले बॅटरीवर फिरणारे ब्रश. एका वहिनींनी टाचेची वज्री नाकावर फिरवलेली मी पाहिली आहे. चेहऱ्यासाठी सगळ्यात चांगलं साधन म्हणजे आपली बोटं, तीही धुतलेली, नखं कापलेली. हे नवं नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आंघोळीचे नियम आहेत. काही भिक्खू आंघोळ करताना झाडाला, खांबाला, भिंतीला अंग घासत. लोक नावं ठेवत, हे काय पैलवान आहेत का म्हणत. तथागतांनी ते बंद केलं. लाकडाचा हात करून त्यानं घासणं बंद केलं, भुकटी लावलेल्या माळेनं घासणंही बंद केलं. आजारी भिक्खूला घासणीची मुभा दिली, म्हाताऱ्या, थकलेल्याला कापडाच्या पट्टीची. हातानं चोळायला परवानगी दिली. चेहऱ्याला लेप लावणं भिक्खूंना मना होतं, पण आजारात लेपाला परवानगी होती. हे नियम भिक्खूंचे आहेत, आपल्या संसारी माणसांवर त्यांची सक्ती नाही. पण ज्याला गरज त्याला साधन, बाकीच्यांना हात, हा विचार मला नर्स म्हणून पटतो.

घासणी वापरायचीच असेल तर अंगाला वापरा, प्रत्येकाची वेगळी ठेवा आणि उन्हात वाळवा. ओल्या मोरीत लटकणाऱ्या जाळीत जंतू वाढतात. टॉवेलचंही तेच. आपल्या घरात पाच माणसांत एक टॉवेल असतो, आणि एकाला गजकर्ण झालं की महिन्याभरात सगळ्यांना होतं. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे चार तुकडे करा, एकेकाला एक द्या, रोज धुऊन उन्हात टाका. तोंड पुसताना दाबून टिपायचं, रगडायचं नाही. याला पैसा लागत नाही.

पाण्याचं बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. शहापुरात भातसा आणि तानसा धरणं आहेत, त्यांचं पाणी मुंबईच्या नळाला जातं. मुरबाडच्या बाजूला बारवी, तिचं पाणी कारखान्यांना आणि शहरांना. आणि एप्रिल-मे उजाडला की याच शहापुरातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर का गेले होते, हे आपल्या पोरांना पाठ आहे. मग "स्वच्छता राखा" असं पोस्टर लावून जाणाऱ्याला, आमच्या आळीत नळ कधी येणार, हेही विचारता आलं पाहिजे. ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा.

तोवर चेहऱ्यापुरतं सांगते, एक तांब्या पुरतो. आधी हात धुवा. तोंड ओलं करा, साबणाचा फेस हातावर करा, वडी थेट गालावर घासू नका. बोटांनी हलक्या हातानं अर्धा मिनिट फिरवा. कपाळाच्या केसांची कड आणि कानाच्या पुढचा भाग नीट धुवा, तिथे साबण राहतो आणि मग खाज येते. पाणी कोमट किंवा गार, कढत नको. भट्टीवर, एम.आय.डी.सी.त किंवा गॅरेजवर काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काजळी, वंगण बसतं. ते रॉकेलनं किंवा थिनरनं काढू नका. दोन थेंब खोबरेल लावा, मऊ कापडानं टिपा, मग साबणानं धुवा. ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी मात्र खोबरेल चेहऱ्यावर ठेवून झोपू नये, त्यानं छिद्रं बुजतात. लावणीच्या दिवसांत चेहरा उन्हात भाजतो, तिथे टोपी, पदर, इरलं यांचा उपयोग कुठल्याही क्रीमपेक्षा जास्त.

घरगुती उपायांत डाळीचं पीठ कधीमधी चालेल, पण भरड नको. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला ठीक, कोरड्याला तडे पाडते. लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. खायचा सोडा नको, टूथपेस्टही नको.

आता ती डबी.

मी मुलीला डबी आणायला सांगितली. पांढरी प्लॅस्टिकची, वर ना कंपनीचं नाव, ना परवाना क्रमांक, ना तारीख. अशा डब्या जत्रेतल्या फेरीवाल्याकडे मिळतात, पार्लरमध्ये मिळतात, मोबाइलवर मागवता येतात. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून एकीचं बघून दुसरी घेते. आठ दिवसांत उजळतो तेव्हाच सावध व्हायचं. त्यात बहुधा दोनपैकी एक असतं, स्टेरॉइड किंवा पारा.

स्टेरॉइडचं मलम हे औषध आहे, योग्य रोगाला, योग्य दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही त्यांची नावं. रोज चेहऱ्याला लावलं की आधी चेहरा गोरा आणि गुळगुळीत वाटतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या उठतात, लव वाढते. बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. दारूसारखंच. गजकर्णावर लावलं तर खाज थांबते आणि बुरशी खालून पसरत जाते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडची १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी काउंटरवर नाव सांगितलं की मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

पारा त्याहून वाईट. तो कातडीतला रंग बनवणारी क्रिया अडवतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळणी बिघडवतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा पार्लरमधून आणलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला आपल्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून तो डबीवर लिहिलेला नसतो. लावणारीच्या हातातून, टॉवेलातून तो घरातल्या लहान मुलांपर्यंतही जातो. सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज, लघवीला फेस, अशी लक्षणं दिसली तर क्रीम बंद करा आणि लघवीची तपासणी करा. आपल्या ग्रामीण रुग्णालयात ती होते.

मी त्या मुलीला विचारलं, हे का लावलंस? पुटकुळ्यांसाठी, असं आधी म्हणाली. मग आईच बोलली, "बघायला आले होते. पोरगी शिकलेली आहे पण सावळी आहे म्हणाले." बघायला आलेली माणसं आपलीच होती. त्यांच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो असणार. मला राग आला तो पार्लरवालीचा कमी आणि याचा जास्त.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा त्यांनी स्वच्छ राहायला सांगितलं, जात दाखवणारे दागिने आणि नेसण्याची पद्धत टाकायला सांगितलं. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेतही स्वच्छतेचं सांगितलं. आपल्या आज्यांनी ते ऐकलं, पाटल्या-वाळे उतरवले, लुगडं पायघोळ नेसल्या. गोरं व्हायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीनं आपल्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला. आपल्या सोयरिकीच्या बोलण्यातून तो अजून निघायचा आहे.

एक गोष्ट राहिली. चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग धुण्याचा नसतो. गालावर, कपाळावर वांग असेल तर तो घासून जात नाही. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे ठिपके बहुतेक वेळा आपोआप जातात, थोडं खोबरेल पुरतं. पण फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, किंवा कानाची पाळी जाड झाली असेल, तर लपवू नका. कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं, वेळेत घेतलं तर पूर्ण बरा होतो आणि व्यंग राहत नाही. आशाताईला दाखवलंत तरी चालेल.

त्या मुलीला आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. क्रीम त्यांनी बंद केली आणि दुसरी औषधं दिली. पहिले दोन महिने चेहरा इतका पेटला की ती ओढणी बांधून कॉलेजला जायची. लघवीची तपासणी सुदैवानं चांगली आली. आता लाली बरीच ओसरली आहे, लव अजून आहे. सकाळी पाणी, संध्याकाळी एकदा साबण, बाकी काही नाही.

पौष पौर्णिमेला म्हसा जत्रा भरेल, तिथे पुन्हा या डब्या येतील. घेतलेल्या असतील तर फेकू नका. नाव असो, नसो, विहारात येताना सोबत आणा, लेबल एकत्र बसून वाचू. नाव नसलेल्या डब्या आपण अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात तक्रारीसोबत देणार आहोत. कुठून घेतली तेवढं कागदावर लिहून डबीला चिकटवा.