कारचा एसी गरम हवा फेकतोय? गॅस भरण्याआधी हे तपासा

'गॅस संपलाय, भरून घ्या,' हा गॅरेजमधला ठरलेला सल्ला. पण एसीची यंत्रणा बंदिस्त असते. त्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बराच कमी झाला असेल, तर बहुधा कुठेतरी गळती आहे.

आधी एवढं पाहा:

• गाडी पळताना गार, सिग्नलला गरम? कंडेन्सरचा पंखा बंद किंवा कंडेन्सरवर धूळ असू शकते.

• हवाच कमी येते? केबिन फिल्टर काढून बघा.

• एसी लावल्यावर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही? फ्यूज, रिले किंवा कमी गॅस हे कारण असू शकतं.

गॅस कमी निघाला, तर आधी गळती शोधून दुरुस्त करायला सांगा. मगच गॅस भरा. नाहीतर भरलेला गॅस पुन्हा उडेल आणि पैसेही.