बदललेला स्वभाव आणि चेतापेशींचा आजार

समजा, मुळशी तालुक्यातील मुठा गावात एक आजोबा आहेत. भातलावणीत कधी मागे न राहणाऱ्या या माणसाच्या हातून हल्ली कपबशी निसटते. पुण्यातील रुग्णालयात 'मोटर न्यूरॉन डिसीज' असे निदान होते. हातपाय दुबळे होणार, हे घरचे समजून घेतात. पण आजोबा नातवाची चौकशी करीत नाहीत, आजी तापाने फणफणल्या तरी त्यांना काही वाटत नाही, आणि दिवसभर गोडच मागतात. 'आजारपणाने माणूस हेकट झाला,' असे सारे म्हणू लागतात.

प्रेरक चेतापेशी मेंदू व मज्जारज्जूकडून स्नायूंना आदेश पोचवतात, हे आपण वर्गात शिकवतो. या आजारात त्याच पेशी मरत जातात. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे बराच काळ हा आजार बुद्धीला व स्वभावाला स्पर्श करीत नाही, असे मानले जाई. स्टीफन हॉकिंग यांच्या उदाहरणामुळे आपल्यालाही तसेच वाटते. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या रुग्णांच्या विचारशक्तीत किंवा वागण्यात कमीअधिक बदल होतो. कारण कपाळामागच्या आणि कानशिलालगतच्या मेंदूतील पेशीही आजाराच्या तावडीत सापडतात.

हे बदल ओळखण्यासाठी चाळणी तपासणी असते. एडिंबरोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीचे दोन भाग आहेत: रुग्णासाठी सुमारे वीस मिनिटांची प्रश्नावली आणि घरच्यांची वेगळी मुलाखत. घरच्यांना पाच गोष्टी विचारतात: निरुत्साह, दुसऱ्याविषयीची आस्था आटणे, भीडभाड सुटणे, तीच तीच कृती करणे आणि खाण्याच्या सवयी बदलणे. स्वतःतला बदल रुग्णाला अनेकदा जाणवतच नाही, म्हणून ही मुलाखत महत्त्वाची.

येथे एक सावधगिरी हवी. हात उचलत नाही म्हणून काम न करणे निराळे आणि इच्छाच न होणे निराळे. खिन्नताही वेगळी ओळखावी लागते. चाळणीत अडकले म्हणजे निदान झाले असे नव्हे. पुढे सविस्तर तपासणी लागते.

या बदलांवर रामबाण औषध नाही. मग तपासणी कशाला? पोटात नळी घालून अन्न द्यायचे की नाही, श्वासाला यंत्राची मदत घ्यायची का, असे निर्णय रुग्णाला समजून उमजून घेता यावेत, म्हणून. शिवाय, आजोबांचे वागणे आजारातून आले आहे हे कळले, की आजींच्या मनातला राग व अपराधीपणा थोडा तरी हलका होतो. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी असे घडत असेल, तर एवढे त्याला आपणही सांगू शकतो.