बारावीनंतर कायदा : काळ्या कोटापलीकडच्या वाटा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत चर्चा होते ती इंजिनिअरिंग की मेडिकल याचीच. कुणी कायद्याचे नाव काढले तर ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण लगेच ऐकवली जाते. मी मूळची तेरेखोलची, पेडणे तालुक्यात वकिली करते. मंडळातली मुले-मुली या अभ्यासक्रमाविषयी नेहमी विचारतात, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रवेश आणि अभ्यास

बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. करता येतो. पदवी झाली असेल तर तीन वर्षांचा एलएल.बी. आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी खुल्या वर्गाला बारावीत किमान ४५ टक्के गुण लागतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ द्यावी लागते, तर महाराष्ट्रातल्या इतर महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी असते. गोव्यात मिरामारचे साळगावकर आणि मडगावचे कारे ही दोन जुनी कायदा महाविद्यालये आहेत. पाच वर्षांत किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ती मन लावून करा. पुस्तकात न सापडणारे बरेच काही तिथे कळते.

आमचे गाव, दोन कायदे

कायदा कशासाठी शिकायचा, याचे उत्तर मला गावानेच दिले. तेरेखोल हा नदीच्या उत्तर तीरावरचा गोव्याचा तुकडा आहे. बाकी गोव्यात जायचे तर केरीला जाणारी फेरीबोट, जमिनीने निघालात तर महाराष्ट्रातले रेडी. रेडीतल्या हिंदू कुटुंबाचा वारसा १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने ठरतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो २००५च्या दुरुस्तीने. आमच्याकडे मात्र १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी समान वारस आहेत. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. मुले असतील तर मृत्युपत्राने अर्ध्याच मालमत्तेची वाटेल तशी वाटणी करता येते. वारसांतली वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या प्रक्रियेने होते. अधिवास गोव्यात असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिलाही हाच वारसा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले.

सुट्टीत मुंबई-पुण्याहून आलेली कुटुंबे विचारतात, “आजोबांच्या घरात आत्याचा वाटा कसा?” वाटा असतो, आणि आत्याला डावलून केलेली विक्री पुढे कोर्टात अडकते. कूळ, मुंडकार, इन्व्हेंटरी हे शब्द कळणाऱ्या आणि मराठी-कोंकणीत समजावून सांगणाऱ्या तरुण वकिलांची इथे खरी गरज आहे.

पदवीनंतर

वकिलीसाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २०२४च्या निकालानंतर खुल्या वर्गाचे नोंदणी शुल्क ७५० रुपयांहून जास्त घेता येत नाही. न्यायाधीश व्हायचे असेल तर २०२५च्या निकालाप्रमाणे आधी तीन वर्षे वकिली हवी. याशिवाय कंपन्या आणि बँकांचे विधी विभाग, सरकारी वकील, लष्कराची विधी शाखा, मोफत कायदेशीर मदत, अध्यापन अशा कितीतरी वाटा आहेत.

पालकांना एक सांगते. वकिलीत पहिली काही वर्षे कमाई तुटपुंजी असते आणि ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली फायली उचलाव्या लागतात. त्या काळात घरचा आधार मिळाला नाही म्हणून चांगली मुले हा व्यवसाय सोडतात. मुलीने ‘वकील व्हायचंय’ म्हटले तर तिला एवढी वर्षे द्या. आणि मुलांनो, या सुट्टीत घरातल्या जमिनीची जुनी कागदपत्रे एकदा वाचायला घ्या. ती वाचताना प्रश्न पडू लागले, तर ही वाट तुमची आहे.