डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दवाखान्यात येणारा रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, चक्कर येते.’ मी विचारतो, ‘म्हणजे नेमके काय होते?’ मग खरी माहिती मिळते. कुणाला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाला घर गरगर फिरल्यासारखे वाटते, कुणाचा चालताना तोल जातो, तर कुणाला काही सुचेनासे होते. यकृताचा जुना आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा, कारण प्रत्येकाचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना लिव्हर सिरॉसिस आहे. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. हे मुद्दाम सांगतो. कावीळ ब आणि क यांचे विषाणू, मधुमेह व स्थूलपणाबरोबर यकृतात साठणारी चरबी यांमुळेही सिरॉसिस होतो. पण रस्त्यात झोकांडी गेली की बघणारे एकच अर्थ काढतात. गुरुजींनी त्याच भीतीने महिनाभर चक्कर लपवली. एके दिवशी पहाटे संडासाच्या दारात कोसळले, तेव्हा घरात कळले. घरच्यांनी मायेने मीठ-साखर-लिंबाचे पाणी सुरू केले. चक्कर थांबली नाही, मिठामुळे पोटातले पाणी मात्र वाढले.

सिरॉसिसमध्ये यकृत कठीण आणि गाठाळ होते. आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताची वाट अडते, पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पुष्कळसे रक्त तिथेच रेंगाळते. उरलेल्या शरीराच्या वाट्याला कमी येते, म्हणून रक्तदाब उतरतो. ज्याचा वरचा दाब पूर्वी 150 असे, त्याचा औषधाशिवायही 110 होतो. माणूस खूश होतो, पण दहा वर्षांपूर्वीची ब्लडप्रेशरची गोळी चालूच ठेवतो! गुरुजींचे तेच झाले होते. त्यात लघवी वाढवून अंगावरचे पाणी कमी करणारी गोळी आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून दिलेले प्रोप्रानोलॉल. तिन्हींचा परिणाम एकाच दिशेने. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते, मेंदूला क्षणभर कमी पडते आणि अंधारी येते.

हे घरी तपासता येते. पाच मिनिटे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. जवळ कुणीतरी असावे. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर ते लिहून डॉक्टरांना दाखवावे. वजनही रोज सकाळी करावे. पाण्याची गोळी चालू असताना दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन घटू नये. पायांवर सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. त्याहून वेगाने घटले, तर शरीर कोरडे पडू लागले आहे असे समजावे. पोट साफ राहण्यासाठी दिलेल्या लॅक्टुलोजने दिवसाला दोन-तीन मऊ शौच अपेक्षित असतात; सहा-सात होऊ लागल्या तर त्यानेही थकवा आणि चक्कर येते.

मात्र कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करू नका. प्रोप्रानोलॉल एकदम सोडले तर शिरांतून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आणि मेडिकलच्या दुकानातून ‘चक्करची गोळी’ किंवा झोपेची गोळी तर नकोच. आजारी यकृताच्या माणसाला ती गुंगीत ढकलू शकते. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनही नको. त्यांनी मूत्रपिंडे बिघडतात.

दुसरे कारण उपासाचे. निरोगी यकृत साखरेचा साठा राखून ठेवते आणि उपाशीपोटी तो वापरते. आजारी यकृताकडे तो साठाच तुटपुंजा. रात्री आठला जेवून सकाळी नऊला नाश्ता करणे म्हणजे या माणसाला लांबलचक उपासच. म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खावे. उकडलेला बटाटा, पोळी-दूध, काहीही. एकादशी सोडायची कशी, असे वयस्कर बायका विचारतात. मी म्हणतो, आजी, देवाला चालते, यकृताला चालत नाही. मधुमेहाचे औषध चालू असेल तर घाम, थरथर आणि चक्कर ही साखर उतरल्याची खूण असू शकते.

आता थांबू नये अशी लक्षणे. चक्करेबरोबर डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते हे खरे. पण ते डॉक्टरांनी ठरवू दे. दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात घोळ, पुढे केलेले हात फडफडणे, अक्षर बिघडणे ही चक्कर नव्हे. यकृताने न गाळलेल्या द्रव्यांचा मेंदूवर झालेला परिणाम आहे. हे रुग्णाला स्वतःला कळत नाही, घरच्यांनी ओळखायचे. ताप, पोटदुखी, लघवी कमी होणे यांचेही तसेच. पडून डोक्याला लागले, तर टेंगूळ लहान दिसले तरी दाखवावे, कारण या आजारात रक्त लवकर गोठत नाही.

उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे, पोटऱ्या हलवाव्यात, मग आधार धरून उभे राहावे. कढत पाण्याने आंघोळ टाळावी. न्हाणीघराची कडी आतून लावू नये.

गुरुजींची जुनी ब्लडप्रेशरची गोळी मी थांबवली आणि पाण्याच्या गोळीचा डोस कमी केला. आता ते एक वही ठेवतात. तारीख, वजन, दोन्ही रक्तदाब आणि पुढे शेरा. मागच्या भेटीत वाचला: ‘अंधारी नाही. सायंकाळी एकदा तोल गेला, दुपारी जेवण उशिरा झाले होते.’