नेम एक, विभाग किती?

यात्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला ‘जोड लावणे’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. मैदानात उतरलेल्या पोरांचे अंग, मान आणि वय पाहून जाणता वस्ताद जोडी ठरवतो. जोड चुकली की कुस्तीतली गंमत गेली. पण समजा, दोघेही तुल्यबळ आहेत आणि फरक आहे तो हातातल्या साधनात, तर जोड कशी लावायची? कुस्तीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण मल्लाचे शरीर हेच त्याचे साधन. पिस्तुलाच्या नेमबाजीत मात्र गेली तीन-चार दशके याच प्रश्नावर वाद चालू आहे. नवे साधन आले की त्याच्यासाठी नवा विभाग काढायचा का? आणि काढायचा तर थांबायचे कुठे?

आपल्या भागाला पिस्तूल नेमबाजी ठाऊक झाली ती प्रामुख्याने कोल्हापूरच्या राही सरनोबतमुळे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ही ऑलिंपिकची नेमबाजी. एका जागी उभे राहायचे, एका हाताने नेम धरायचा. तिथे पिस्तुलाचे वजन, नळीची लांबी, चाप ओढायला लागणारा किमान दाब असे सगळे नियमाने बांधलेले असते. वादाचा खरा आखाडा दुसरीकडे आहे. तो म्हणजे अमेरिकेत जन्मलेली आणि जगभर पसरलेली ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ ही धावत्या नेमबाजीची स्पर्धा.

गुण भागिले सेकंद

१९७६ साली अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ म्हणजे आयपीएससी या संस्थेची स्थापना झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे ब्रीद. या खेळात नेमबाज आडोशामागून, दारा-खिडक्यांतून, धावत-वाकत अनेक लक्ष्ये टिपतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे, की त्याचा ‘हिट फॅक्टर’ निघतो. वीस सेकंदांत शंभर गुण मिळवणाऱ्याचा फॅक्टर पाच. पंधरा सेकंदांत नव्वद गुण मिळवणाऱ्याचा सहा. म्हणजे दहा गुण गमावूनही दुसराच पुढे.

तिसरे तत्त्व शक्तीचे. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले तिचा फुटांतला दर सेकंदाचा वेग, भागिले हजार, असा ‘पॉवर फॅक्टर’ काढतात. अमेरिकेच्या यूएसपीएसए या संस्थेच्या नियमांत १६५ च्या वर गेलात तर ‘मेजर’, १२५ च्या वर असाल तर ‘मायनर’. लक्ष्याच्या मध्यभागी लागलेल्या गोळीला दोघांनाही पाच गुण. पण नेम थोडा ढळला तर मेजरला चार आणि मायनरला तीन. जोरदार धक्का सोसून नेमबाजी करणाऱ्याला ही थोडी सवलत. माणसाच्या कसबाचा आणि साधनाचा हिशेब एकाच गणितात बसवायचा हा प्रयत्न होता.

शर्यत सुरू झाली

सुरुवातीला विभाग नव्हते. सगळे एकाच रांगेत. १९८० च्या दशकात नळीच्या टोकाला ‘कॉम्पेन्सेटर’ बसवलेली पिस्तुले आली. स्फोटाचा वायू वरच्या छिद्रांतून बाहेर पडतो, नळी खाली दाबली जाते आणि दुसरी गोळी लवकर झाडता येते. मग आली लाल ठिपक्याची दुर्बीण. १९९० साली ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या डग कोनिगने अशी दुर्बीण लावून विजेतेपद मिळवले, आणि साध्या पिस्तुलाने वरचा क्रमांक मिळवणे किती अवघड होणार ते सगळ्यांच्या लक्षात आले.

तेव्हा विभाग पडू लागले. सर्व साधनांना मोकळीक असलेला ‘ओपन’, आणि दुर्बीण व कॉम्पेन्सेटरला मनाई असलेला, अमेरिकेत ‘लिमिटेड’ नावाने ओळखला जाणारा. तरीही काहींचे समाधान झाले नाही. खेळ साधनांच्या शर्यतीत हरवला असे म्हणणाऱ्यांनी १९९६ मध्ये आयडीपीए ही वेगळी संस्थाच काढली. शतक बदलताना कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलात फारसा फेरफार न करता खेळण्याचा ‘प्रॉडक्शन’ विभाग आला. एक विभाग तर कायद्यामुळे जन्मला. १९९४ मध्ये अमेरिकेत दहापेक्षा अधिक काडतुसांच्या नव्या मॅगझिनवर बंदी आली, म्हणून ‘लिमिटेड टेन’ निघाला. ती बंदी २००४ मध्ये संपली, तरी विभाग लगेच गेला नाही. एकदा मांडलेला पाट उचलणे कठीण, हे आपल्याला लग्नघरातही दिसतेच!

चाळिशी आणि लाल ठिपका

अलीकडच्या वादाचे केंद्र पुन्हा तो लाल ठिपकाच. साध्या पिस्तुलावर मागची खाच, पुढचा काटा आणि दूरचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. पंचविशीतला नेमबाज पुढच्या काट्यावर नजर सहज ठरवतो; चाळिशी लागली की तोच काटा धूसर होतो. ठिपक्याच्या दुर्बिणीत मात्र नजर लक्ष्यावरच ठेवायची, ठिपका तिथेच तरंगताना दिसतो. ज्यांनी सुईत दोरा ओवण्यासाठी नातवाला हाक मारली आहे त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको.

मधल्या काळात या दुर्बिणी लहान झाल्या आणि कारखान्यातूनच पिस्तुलावर बसून येऊ लागल्या. २०१० च्या दशकाच्या मध्यास यूएसपीएसएने ‘कॅरी ऑप्टिक्स’ हा विभाग प्रायोगिक म्हणून सुरू केला आणि बघता बघता तो तिथला सर्वांत लोकप्रिय विभाग झाला. पण त्याची वजनमर्यादा पाहा. सुरुवातीला ३५ औंस, पुढे ४५, नंतर ५९. म्हणजे साधारण एक किलोवरून पावणेदोन किलोच्या जवळ. खिशात वा कमरेला बाळगायच्या पिस्तुलाचा विभाग म्हणून जे सुरू झाले, त्यात खास स्पर्धेसाठी घडवलेली जड पोलादी पिस्तुले आली. २०२३ मध्ये ‘लिमिटेड ऑप्टिक्स’ हा आणखी एक विभाग आला, आणि वाद पुन्हा पेटला.

विरोधकांचे म्हणणे सोपे आहे. खेळाडू तितकेच, विभाग मात्र आठ-नऊ. लहान स्पर्धेत एखाद्या विभागात दोघे-तिघेच उतरतात. तिसऱ्या क्रमांकाची ढाल घ्यायला हजर राहिले तरी पुरे. शिवाय प्रत्येक नवा विभाग म्हणजे नवे पिस्तूल, नवे म्यान, नवी मॅगझिने, म्हणजेच दुकानदाराची दिवाळी. समर्थक म्हणतात, लोकांनी घरात घेतलेल्या साधनाला मैदानात जागा नसेल तर ते मैदानात येणारच नाहीत. डोळे थकलेला पन्नाशीचा माणूस खेळात टिकतो तो या ठिपक्यामुळे. दोन्हीकडे तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

तीन वाटा

इतर खेळांकडे पाहिले तर नव्या साधनाशी वागण्याच्या तीन वाटा दिसतात. पहिली बंदीची. २००८-०९ मध्ये जलतरणात खास पोशाखांमुळे विक्रम कोसळू लागले, तेव्हा १ जानेवारी २०१० पासून ते पोशाखच बाद झाले. ऑलिंपिक नेमबाजीतही असे घडले आहे. २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात अगदी कमी धक्क्याची ‘पॉइंट २२ शॉर्ट’ काडतुसे चालत. २००५ पासून ती गेली आणि नेमबाजांना पिस्तुलेच बदलावी लागली. जर्मनीच्या राल्फ शूमनने जुन्या नियमांखाली १९९२, १९९६ आणि २००४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली होती. नव्या नियमांखाली २००८ मध्ये बीजिंगला त्याने कांस्य मिळवले. साधन बदलले, हात तोच राहिला.

दुसरी वाट सगळ्यांना सगळे खुले करण्याची. तीत ज्याची थैली मोठी त्याची सरशी होण्याचा धोका. तिसरी वेगळ्या विभागांची, आणि तिचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. किनारपट्टीवरच्या कंबळात, चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीत, ‘हग्ग’ म्हणजे दोरी, ‘नेगिलु’ म्हणजे नांगर, तसेच ‘अड्ड हलगे’ आणि ‘कने हलगे’ असे साधनांवरूनच विभाग आहेत. पण तिथे साधन बदलले की कसबही बदलते. दोरी धरून धावणारा वेगळा कस लावतो. भोके असलेल्या फळीवर उभा राहून पाणी उंच उडवणारा वेगळा. कुस्तीतही महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, पण शेवटी दोन्हींचे विजेते एकमेकांशी भिडतात. विभाग पाडले, तरी अखेरचा सामना एकच ठेवला.

मला वाटते, कसोटी इथेच सापडते. नव्या साधनाने कसबाचा प्रकार बदलत असेल तर विभाग जरूर हवा. लाल ठिपका नजरेचे कामच बदलतो, तेव्हा ठिपकेवाले आणि काटेवाले वेगळे असणे योग्य. पण एका ठिपक्याच्या पिस्तुलाचा चाप एका तऱ्हेचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या तऱ्हेचा, एवढ्यावर दोन विभाग करणे म्हणजे एकाच वर्गाला दोन हजेरीपट ठेवण्यासारखे आहे. नवा विभाग काढताना एखादा जुना मिटवण्याची तयारीही हवी, आणि एकदा घातलेली मर्यादा मागणी आली म्हणून दरवेळी सैल करता कामा नये. खेळाडूंची ‘डी’पासून ‘ग्रँड मास्टर’पर्यंत कौशल्याची प्रतवारी तिथे आहेच, नवशिक्याला न्याय देण्यासाठी ती पुरेशी आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचे, एक हात खिशात घालून नेम धरलेले छायाचित्र घरोघरी पोचले. मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये त्याला रौप्य मिळाले. ‘काही साधन नाही, तरी पदक’ असे त्याचे कौतुक झाले, पण ते अर्धेच खरे. खास भिंगे आणि डोळ्यावरची झापडे त्याने टाळली. पिस्तूल मात्र इतरांसारखेच स्पर्धेचे होते.

आपल्या घरातली मुले एअर पिस्तूलच्या वर्गाला जाऊ लागली की पालकांपुढे साधनाचा प्रश्न येतोच. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. दहा मीटरच्या या प्रकारात पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही आणि चापाचा दाब ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. या चौकटीत बसणारे चांगले पिस्तूल हातात आले, की त्यापुढे पैसे ओतून गुण वाढत नाहीत. मग मुलाला वेळ द्यावा, सरावाला सोबत जावे, आणि महागड्या पिस्तुलाचा हट्ट पुढच्या वर्षावर ढकलावा.