कार्बोरेटर आणि वाहनमालकांच्या पिढ्या

स्वतःच्या मोटारीचा कार्बोरेटर रस्त्याच्या कडेला उघडून, त्यातला पितळी जेट काढून, त्यात फुंकर मारून तो पुन्हा जागच्या जागी बसविलेले मोटारमालक आज बहुतेक साठीच्या पलीकडे गेलेले आहेत. पन्नाशीच्या आसपासच्या मालकांनी हे काम मेकॅनिककडून करवून घेतले, तरी ते चालू असताना शेजारी उभे राहून पाहिले. आणि ज्यांनी आपली पहिली मोटार गेल्या वीस वर्षांत घेतली, त्यांच्या गाडीत हा अवयवच नसल्यामुळे त्यांना तो दृष्टीस पडण्याचाही योग आला नाही. या फरकाचे खापर तरुणांच्या उदासीनतेवर फोडण्याची प्रवृत्ती वडीलधाऱ्यांत आढळते, ती मला अन्यायाची वाटते. ज्या यंत्राने आपल्या मालकाकडे ज्ञानाची मागणी केली त्याच्या मालकाला ते ज्ञान मिळवावे लागले, आणि ज्याने ती केली नाही त्याच्या मालकाचे त्यावाचून काही अडले नाही.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली तरच सिलिंडरमध्ये ठिणगी पडताच त्याचे पूर्ण ज्वलन होते, आणि हे प्रमाण वजनाने साधारणपणे एक भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा असे आहे. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिनाला सुमारे ९,००० लिटर हवा ओढून घ्यावी लागते. हे मिश्रण विजेच्या किंवा संगणकाच्या साहाय्यावाचून, केवळ हवेच्या दाबातील फरकाच्या बळावर सिद्ध करणारे साधन म्हणजे कार्बोरेटर होय. इंजिनाने ओढलेली हवा त्यातील एका अरुंद गळ्यातून जाते, तेथे तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. बाजूच्या लहानशा कुंडीत साठलेल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या वातावरणाचा पूर्ण दाब असतो. आणि या दोन दाबांच्या तफावतीमुळे पेट्रोल जेटच्या सूक्ष्म छिद्रातून वर उसळून हवेच्या झोतात तुषाररूपाने विखुरते. कुंडीतील पेट्रोलची पातळी कायम राखण्याचे काम घराच्या गच्चीवरील टाकीत तरंगत्या गोळ्याने पाणी थांबवावे त्याच रीतीने फ्लोट आणि सुई करतात. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी १८९३ च्या सुमारास अशी तुषार उडविणारी रचना सिद्ध केली, आणि पुढे शतकभर जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर धावल्या.

ही रचना सुंदर खरीच. परंतु तिला परिस्थितीची जाणीव नसते. थंडीच्या पहाटे पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवेची वाट अंशतः बंद करून मिश्रण दाट करावे लागे, आणि ते काम चोकची कळ ओढून मालकानेच करावयाचे असे. इंजिन तापल्यावर ती कळ परत ढकलण्यास विसरले, तर प्लग काळे पडत, पेट्रोल वाया जाई आणि सिलिंडरच्या भिंतींवरचे तेलही धुऊन निघे. महाबळेश्वरासारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी हवा विरळ होते, पण जेटचे छिद्र तेवढेच राहते. म्हणून तेथे पोहोचेतो गाडी जड चालू लागे आणि धूर काळपट होई. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फिएट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर या दोन गाड्यांवर ज्यांची हयात गेली, त्यांना हे सारे कार्यकारण पुस्तकावाचून अवगत झाले होते. उन्हाळ्यात बोरघाट चढताना इंजिनाच्या उष्णतेने पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे, तेव्हा पंपावर ओले फडके टाकून स्वस्थ बसण्याचा उपाय त्या काळच्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक होता. वास्तविक हा दोष कार्बोरेटरचा नव्हे. पण बॉनेट उघडून पेट्रोलच्या वाटेचा माग काढण्याची सवय मालकास जडली, ती अशाच प्रसंगांनी.

त्यानंतर १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. तिच्यातही कार्बोरेटर होता, चोकही होता. परंतु ती इतकी भरवशाची निघाली की मालकाचे हात काळे होण्याचे प्रसंग विरळ झाले. या मधल्या पिढीला ‘जेटमध्ये कचरा आहे’, ‘मिसिंग होतेय’, ‘आयडलिंग वाढवून द्या’ ही भाषा समजते. ते काम स्वतः करण्याचा आत्मविश्वास मात्र तिच्यात सहसा आढळत नाही.

कार्बोरेटर मोटारींतून गेला तो शहरांच्या हवेच्या कारणाने. चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना धुरातील विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि असे साधन पूर्ण कार्यक्षम राहण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वर सांगितलेले प्रमाण क्षणोक्षणी अचूक राखावे लागते. पुढे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी धुराविषयीच्या युरो मानकांची मुदत ठरवून दिली; मुंबईसह इतर महानगरेही लवकरच त्या अंमलाखाली आली. स्थिर छिद्राच्या जेटकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे व्यर्थ होते. धुराच्या नळीतील सेन्सर प्राणवायू मोजतो, ईसीयू हा इंजिनाचा संगणक त्यावरून निर्णय घेतो आणि इंजेक्टर तेवढेच पेट्रोल सोडतो, ही व्यवस्था रूढ झाली आणि गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) ही अक्षरे अभिमानाने झळकू लागली. हा बदल सर्वस्वी हिताचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या यंत्रावरील प्रेमापोटी मुंबई-पुण्याच्या मुलांच्या फुप्फुसांची किंमत देणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय ठरले नसते.

तथापि वयावरून ज्ञानाची ही विभागणी करताना एक गोष्ट नजरेआड होते. आपल्याकडे बहुसंख्य कुटुंबांत मोटारीच्या आधी दुचाकी येते, आणि दुचाकींतून कार्बोरेटर मोटारींच्या मानाने फार उशिरा गेला; १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके सर्वत्र लागू झाली, तेव्हाच तो नव्या मोटारसायकली आणि स्कूटरींतून जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे चेतक स्कूटर तिरकी करून मग किक मारणाऱ्या वडिलांच्या जोडीला, जुन्या मोटारसायकलचा चोक ओढून कॉलेजला गेलेला आजचा तिशीतला मुलगाही या ज्ञानाचा वारसदार आहे. शेतातील पेट्रोलवरचा फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, दुकानापुढील लहान जनरेटर यांत तर कार्बोरेटर आजही नांदतो आहे. म्हणून विदर्भातील वीस वर्षांचा शेतकरी कार्बोरेटर जितक्या सहजतेने खोलतो, तितक्या सहजतेने शहरातील पन्नाशीचा मोटारमालक खोलू शकेलच असे नाही.

या माहितीला आता नव्याने निकडही प्राप्त झाली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२५ पर्यंत देशभर अमलात आले असून, त्यासाठी लागणाऱ्या इथेनॉलचा मोठा वाटा महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांतून येतो. इथेनॉलच्या एका भागाला जाळण्यास सुमारे नऊच भाग हवा लागते. म्हणून तेवढ्याच हवेला हे मिश्र इंधन अधिक प्रमाणात द्यावे लागते. सेन्सर असलेली गाडी ही दुरुस्ती आपली आपण करते. कार्बोरेटरचा जेट मात्र पूर्वीच्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ पडते, आणि गाडी सकाळी सुरू होण्यास कुरकुर करते किंवा चढावर अडखळते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व गॅस्केटे त्याने फुगतात. घरच्या जुन्या फिएटला किंवा चेतकला पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अलीकडे कित्येक तरुण-तरुणींत दिसते, आणि ती मला मनापासून स्वागतार्ह वाटते. पण हे नवे इंधन त्यांच्या आजोबांच्या काळी नव्हते, एवढे त्यांनी ध्यानी ठेवले पाहिजे.

अशा वाहनाच्या नव्या मालकांना माझी विनंती आहे की, त्यांनी गाडी गॅरेजात सोडून निघून न जाता एकदा तरी कार्बोरेटर समक्ष उघडवून घ्यावा, आणि घरात ते काम केलेले वडीलधारे माणूस असेल तर त्यालाही सोबत न्यावे. नळ्या व गॅस्केटे इथेनॉलला टिकणारी घालून घ्यावीत. स्कूटर किंवा मोटारसायकल महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कुंडीत इंधन साचून चिकटा धरत नाही. जेट साफ करताना त्याच्या छिद्रात पिन किंवा तार घालू नये. हवेच्या झोतानेच तो साफ करावा, कारण पितळ मऊ असते आणि ते छिद्र केसभर मोठे झाले, तरी नवा जेट बसविल्यावाचून मिश्रण पुन्हा नीट जुळत नाही.